पाषाणची चाळणी

२०२५ च्या ऑक्टोबरात रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. क्योतोचे सुसुमु कितागावा, मेलबर्नचे रिचर्ड रॉब्सन आणि बर्कलीचे ओमर याघी, अशी तीन नावं. काम कशाचं, तर धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून तयार केलेल्या, आतून पोकळ असलेल्या स्फटिकांचं. त्यातली रॉब्सन यांची गोष्ट मला फार आवडली, कारण ती वर्गातली आहे. १९७४ साली विद्यार्थ्यांना स्फटिकांची रचना समजावी म्हणून लाकडी गोळे आणि काड्या जोडून नमुने करायचे होते. कुठल्या गोळ्याला कुठे भोकं हवीत याच्या खुणा करून रॉब्सननी ते कार्यशाळेत दिले. भोकं पडून आली, नमुने जोडायला घेतले, आणि त्यांच्या लक्षात आलं की भोकं योग्य जागी असली की नमुना आपोआप बरोबरच होतो. सगळी अक्कल भोकांच्या जागेत! मग खरेखुरे अणू-रेणू असेच का जोडू नयेत? हा विचार त्यांच्या डोक्यात दहा वर्षांहून जास्त काळ पडून राहिला आणि १९८९ साली त्यांनी त्यावर निबंध लिहिला. शैक्षणिक साहित्य करायचं म्हटलं की नाकं मुरडणारे शिक्षक मी बरेच पाहिलेत, त्यांना ही गोष्ट सांगायला हवी.

पण आज मला लिहायचंय ते या घराण्यातल्या धाकट्या भावंडाबद्दल. यात धातू अजिबात नसतो. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचीच सारी बांधणी. इंग्रजी नाव कोव्हेलंट ऑरगॅनिक फ्रेमवर्क. पाठ्यपुस्तकी मराठीत 'सहसंयुज सेंद्रिय चौकट' म्हणावं लागेल, आपण नुसतं 'सेंद्रिय चौकट' म्हणू. या चौकटींच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण पुण्यात, पाषाणच्या वाटेवरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये घडलं. पुण्यातल्या किती लोकांना ते ठाऊक आहे? मी विचारून पाहिलं तेवढ्यांत तर कुणालाच नव्हतं. माझा स्वतःचा रसायनाशी संबंध अकरावी मॅट्रिकपर्यंतचा. मी इतिहास-भूगोल शिकवायचे. तेव्हा हे सगळं इतिहास म्हणूनच सांगते.

या चौकटींचा उपयोग चाळणीसारखा. मिसळलेल्या वस्तू वेगळ्या करणं हे काम ऐकायला किरकोळ वाटतं, पण समुद्राच्या पाण्यातून मीठ, खनिज तेलातून पेट्रोल-डिझेल, द्रावकातून औषध, सांडपाण्यातून रंग हे सगळं 'वेगळं करणं'च. बहुतेक ठिकाणी ते उकळून होतं. उकळा, वाफ करा, थंड करा. २०१६ साली डेव्हिड शॉल आणि रायन लाइव्हली या दोघांनी 'नेचर'मध्ये हिशेब मांडला होता, की अमेरिकेतल्या उद्योगांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी नुसत्या या वेगळं करण्यावर जाते. उकळण्याऐवजी चाळता आलं तर केवढं इंधन वाचेल! चहा गाळायला आपण चहा उकळून त्याची वाफ गोळा करत बसत नाही.

तर चाळणीचा, म्हणजे पडद्याचा इतिहास. तो सुरू होतो एका फ्रेंच पाद्र्यापासून. आबे नोले हा पाद्री कमी आणि प्रयोगवीर जास्त. (भिक्षूंची लांबलचक रांग करून त्यांच्यातून विजेचा झटका खेळवणारा तो हाच. सगळे भिक्षू एकदम उडाले म्हणे.) १७४८ साली त्यानं एका भांड्यात वाइनचा अर्क भरला, तोंडाला डुकराचं मूत्राशय ताणून बांधलं आणि भांडं पाण्यात बुडवून ठेवलं. काही तासांनी पडदा फुगून वर आला. टाचणी टोचल्यावर आतलं द्रव उडालं. पाणी आत शिरत होतं, पण अर्काला तितक्या सहज बाहेर पडता येत नव्हतं. म्हणजे पडदा निवड करत होता.

पुढे टॉमस ग्रॅहम. हा स्कॉटिश रसायनज्ञ लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख होता, म्हणजे न्यूटनच्या खुर्चीवर. १८६१ साली त्यानं चर्मपत्रासारख्या कागदातून साखर आणि डिंक वेगळे करून दाखवले. साखर जाते, डिंक राहतो. 'डायलिसिस' हा शब्द त्याचाच. त्याच शब्दाला १९४३ साली हॉलंडमधल्या कांपेन गावी विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरनं माणसाच्या जिवाशी जोडलं. जर्मनांचा अंमल, कशाचीच उपलब्धता नाही. त्यानं सॉसेजवर चढवायची सेलोफेनची नळी एका लाकडी पिंपाभोवती गुंडाळली आणि रोग्याचं रक्त त्यातून फिरवलं. पहिले बरेच रोगी दगावले. १९४५ साली एक बाई वाचली. आज आपल्या ओळखीतलं कुणी ना कुणी आठवड्यातून दोन-तीनदा त्या यंत्राशी बसतंच, म्हणून हे थोडं विस्तारानं सांगितलं.

पाण्याच्या बाबतीत मोठा टप्पा १९६० च्या आसपासचा, लॉस एंजलिसच्या विद्यापीठातला. सिडनी लोब आणि भारतातून गेलेले श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी सेल्युलोज अॅसिटेटचा असा पडदा केला, की त्याची एक बाजू अगदी पातळ आणि दाट, तर खालची जाड आणि सच्छिद्र. निवड वरचा पापुद्रा करणार, आधार खालचा थर देणार. त्याआधी विकत आणलेल्या पडद्यांवर प्रयोग करताना त्यांना दिसलं होतं की पडदा एका बाजूनं लावला तर चालतो आणि उलटा लावला तर चालत नाही. दुसऱ्या कुणी 'माल खराब निघाला' म्हणून सोडून दिलं असतं. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावाला या पद्धतीनं केलेलं पिण्याचं पाणी मिळू लागलं. नंतर सत्तरच्या दशकात जॉन कॅडॉट यानं पॉलिअमाइडचा त्याहून पातळ पापुद्रा बनवला. आपल्या ओट्यावरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात आजही त्याच जातीचा पडदा असतो.

पण या पॉलिअमाइडच्या पोटात एक अडचण आहे. त्याचे लांब लांब रेणू गुंतवळासारखे एकमेकांत अडकलेले असतात. त्यांच्यामध्ये ज्या फटी राहतात त्याच त्याची भोकं. कुठे मोठी, कुठे लहान, कुठे बंद. भोकं लहान करावीत तर पाण्याचा वेग मंदावतो, मोठी करावीत तर नको ते निसटतं. गव्हाच्या चाळणीची भोकं अशी असती तर ती चाळणी कुणी विकत घेतली असती?

एकसारखी भोकं निसर्गात कुठे मिळतात? दगडात. आणि इथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो, तोही अगदी पायाखालचा. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यानं एक खनिज तापवलं तर त्यातून वाफ निघून ते उकळल्यासारखं दिसलं. त्यानं नाव दिलं झिओलाइट, म्हणजे 'उकळता दगड'. त्या दगडात ठरावीक मापाची अतिसूक्ष्म दालनं असतात आणि त्यांत पाणी बसलेलं असतं. दख्खनचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून ज्या पोकळ्या राहिल्या त्यांत असले स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतल्या खाणींमधले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मानानं ठेवलेले असतात. सिन्नरला 'गारगोटी' नावाचं संग्रहालयच आहे. सहलीला गेलेली पोरं खिसे भरभरून असले चकाकते दगड आणायची आणि आम्ही सरसकट सगळ्यांना गारगोटीच म्हणायचो.

हे दगड ठरावीक मापापर्यंतचेच रेणू आत घेतात, त्याहून मोठे बाहेर ठेवतात. या गुणाला 'रेण्वीय चाळणी' हे नाव १९३२ साली दिलं जेम्स मॅकबेन यानं. हा मूळचा कॅनडाचा, ब्रिस्टॉल आणि स्टॅनफर्ड इथे आयुष्य गेलेलं, साबणाच्या रसायनासाठी प्रसिद्ध. निवृत्तीनंतर तो कुठे आला असेल? पुण्याला! ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी एनसीएलचं उद्घाटन केलं, तिचे पहिले संचालक मॅकबेनच. 'रेण्वीय चाळणी' हा शब्द घडवणारा माणूस पाषाणच्या प्रयोगशाळेचा पहिला प्रमुख आणि त्याच प्रयोगशाळेत साठ-बासष्ट वर्षांनी नव्या जातीची रेण्वीय चाळणी तयार झाली. दोन्हींचा थेट धागा नाही, हा निव्वळ योगायोग आहे. पण इतिहासाच्या शिक्षिकेला असा योगायोग सापडला की तो सांगितल्यावाचून राहवत नाही. मधल्या काळात, १९८० नंतर, पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनसीएलमध्ये झिओलाइटच्या उत्प्रेरकांवर मोठं काम केलं, त्याचा स्वतंत्र लेख होईल.

झिओलाइट चांगला, पण शेवटी तो दगड. ठिसूळ आणि जड, शिवाय त्याची भोकं लहानच, बहुधा एका नॅनोमीटरच्या आतली. (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर.) सेंद्रिय रेणूंपासून हवी तशी, हव्या मापाची चौकट करता आली तर? विचार सोपा, पण रसायनज्ञांचे हात तिथे टेकले होते. कार्बनच्या संयुगांची लांब साखळी करणं त्यांना उत्तम जमलं होतं, नायलॉन आणि पॉलिथिन त्याचेच प्रकार. पण त्याच घट्ट बंधांनी जाळं किंवा इमारत रचायची म्हटली की सगळा उजाड माळ आहे, अशा अर्थाचं नोबेल विजेते रोआल्ड हॉफमन यांनी १९९३ साली लिहून ठेवलं आहे.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. शाळेच्या मैदानावर सकाळी पाचशे मुलं रांगेत उभी करायची असतात. 'एक हात अंतर' म्हटलं की मुलं हात पुढे करतात, कुणी पुढे सरकतो, कुणी मागे, कुणी चुकून दुसऱ्याच रांगेत घुसलेला परत फिरतो. दोन-चार मिनिटांत रांगा सरळ होतात. आता समजा, मैदानावर पहिलं पाऊल पडताक्षणी प्रत्येक मुलाचे पाय जमिनीला चिकटले तर? रांग होईल कशी? घट्ट रासायनिक बंधांचं नेमकं हेच होतं. एकदा जुळले की सुटत नाहीत, त्यामुळे चुकीच्या जागी जुळलेला रेणू तिथेच राहतो आणि शेवटी हातात स्फटिकाऐवजी बेशिस्त भुकटी येते. सरळ रांग हवी तर बंध जुळता आणि सुटता आला पाहिजे.

ओमर याघी यांनी हे साधलं. अम्मानमधल्या पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबातला हा मुलगा. सगळं कुटुंब एका खोलीत, जोडीला गुरं, नळाला पाणी आठवड्या-दोन आठवड्यांतून काही तास. पंधराव्या वर्षी अमेरिकेला गेला. २००५ साली, मिशिगन विद्यापीठात असताना, त्यांनी आणि एड्रियन कोटे यांनी बोरॉनचा सांधा वापरून पहिल्या दोन सेंद्रिय चौकटी प्रसिद्ध केल्या. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी भोकं, एकावर एक थर. एकीचं भोक दीड नॅनोमीटर, दुसरीचं २.७, म्हणजे पाहिजे ते माप घेता येतं हेही सिद्ध झालं. सांधा जुळत होता, सुटत होता, पुन्हा जुळत होता, म्हणून शिस्त आली.

आणि त्याच गुणानं घात केला. सुटू शकणारा सांधा पाणी लागलं की सुटतोच. पाणी गाळण्यासाठी केलेली चाळणी पाण्यात विरघळायला लागली तर काय कामाची? काही वर्षं या चौकटी म्हणजे बंद डब्यातली नवलाई होती. शिस्त हवी तर सांधा ढिला पाहिजे, टिकाऊपणा हवा तर घट्ट. दोन्ही एकदम कसं मिळणार?

हा पेच सुटला तो पाषाणला. राहुल बॅनर्जी हे याघींच्याच हाताखाली काम करून एनसीएलमध्ये आले होते. २०१२ साली त्यांच्या गटानं, शरत् कांडंबेत या विद्यार्थ्याचं नाव आघाडीवर असलेल्या निबंधात, एक युक्ती मांडली. ती माझ्या मैदानाच्या भाषेत सांगायची तर आधी 'एक हात अंतर' आणि मग 'सावधान!' पहिल्या पायरीत अल्डिहाइड आणि अमाइन हे दोन घटक जुळतात. हा सांधा उलटसुलट होणारा, त्यामुळे रांगा नीट लागतात. पण त्यांनी अल्डिहाइडचा रेणू असा निवडला होता, की सांध्याच्या शेजारीच ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी बसलेली असते. सांधा जुळला की त्या जोडीतला हायड्रोजन सरकून शेजारच्या नायट्रोजनवर जाऊन बसतो, आणि तो परत येत नाही. सांध्याची जातच बदलते, आता पाण्याला तो सोडवता येत नाही. बाकी अणू जवळजवळ जागचे हलत नाहीत, म्हणून लागलेली रांगही मोडत नाही. या पद्धतीनं केलेल्या चौकटी त्यांनी उकळत्या पाण्यात घातल्या, एक तीव्र आम्लात आणि दुसरी तीव्र अल्कलीतही घातली, आणि स्फटिक शाबूत राहिले. त्या क्षेत्रातले लोक आज जगभर ही वाट वापरतात.

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, त्यांनी अशा चौकटी चक्क खलात घोटून केल्या. द्रावक नाही, भट्टी नाही. पाऊण तास घोटायचं, पिवळी भुकटी नारिंगी होते, मग लाल. वैद्यांच्या घरी खल चालताना ज्यांनी पाहिलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल.

पण भुकटी म्हणजे पडदा नव्हे. प्लॅस्टिक वितळवून त्याचा पापुद्रा ओढता येतो. ही चौकट वितळत नाही आणि कशात विरघळतही नाही. वाळूचं कापड कसं विणायचं? २०१७ साली त्याच गटानं याचं उत्तर दिलं ते कुंभाराच्या पद्धतीनं. एका सेंद्रिय आम्लात घटक मिसळायचे, थोडं पाणी घालून कणकेसारखा गोळा करायचा आणि भाजायचा. त्या निबंधाच्या नावातच 'टेराकोटा' हा शब्द आहे. १७० अंश सेल्सिअसला मिनिटभरात चौकट तयार होते, आणि आम्ल पाण्यानं धुऊन काढलं की ती आतून मोकळी होते. अशा एका ग्रॅम पदार्थाच्या आतल्या भिंती उलगडल्या तर ३००० चौरस मीटरपर्यंत भरतात, म्हणजे कबड्डीची वीसपेक्षा जास्त मैदानं! त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात असंच ओलसर मिश्रण काचेवर पसरून हळूहळू तापवून त्यांनी स्वतःच्या पायावर उभा राहणारा, वाकणारा, तडे न जाणारा पडदा केला. रंगाचे रेणू त्यानं अडवले, आणि सेंद्रिय द्रावकातून औषधी रेणू परत मिळवायलाही तो चालला. औषधांच्या कारखान्यांत द्रावक उकळून उडवण्याचा खर्च केवढा असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना यातली गोम कळेल.

बॅनर्जी २०१७ मध्येच कोलकात्याच्या आयसरला गेले आणि २०१८ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. एवढं मोठं काम इथे झालं तरी मराठी छापील मजकुरात मला त्याबद्दल फारसं काही आढळलं नाही. काम करणारे मराठी नव्हते म्हणून? की पाषाणच्या कुंपणामागे काय चालतं ते विचारायची आपल्याला सवयच नाही? आपण इतिहास म्हणजे गड, लढाया आणि पेशव्यांचे वाडे एवढाच धरतो, असं माझं शिकवण्यातलंही निरीक्षण आहे. चौथीच्या पोराला तोरण्याची उंची पाठ असते आणि शेजारच्या प्रयोगशाळेचं फाटक माहीत नसतं.

आता या चाळणीनं सगळे प्रश्न सुटले का? नाही सुटले. पडदा एकसंध दिसला तरी तो असंख्य छोट्या स्फटिकांचा मिळून झालेला असतो, आणि दोन स्फटिकांच्या मधली फट हीच नको त्या रेणूची चोरवाट. वीतभर पडदा प्रयोगशाळेत करणं वेगळं आणि कारखान्यासाठी शेकडो चौरस मीटर, एकही दोष न राहता, परवडणाऱ्या भावात करणं वेगळं. आणि मीठ! २०१२ च्या त्या पहिल्या चौकटीचं भोक १.८ नॅनोमीटरचं. मिठाचा आयन भोवती पाण्याचे रेणू लपेटून फिरतो, तरी त्याचा व्यास ०.७ नॅनोमीटरच्या आसपास भरतो, त्यामुळे तो त्यातून आरामात पलीकडे जातो. भोकाच्या आतल्या बाजूला जादा रेणू टांगून, किंवा थर एकमेकांवर मुद्दाम तिरके बसवून ते अरुंद करायचे प्रयत्न जगात बऱ्याच ठिकाणी चालू आहेत. तोवर ओट्यावरचं यंत्र कॅडॉटच्या गुंतवळावरच चालणार.